गोळी सुरक्षित आहे, ताई. पण बेरीज केलीत का?

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी ६७ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली आहे. मुलगी जर्मनीत असते. सहा वर्षांपूर्वी तिने 'ड' जीवनसत्त्वाची बाटली आणून दिली, तेव्हापासून रोज सकाळी चहानंतर एक गोळी न चुकता घेते. बाटलीवर ५० मायक्रोग्रॅम लिहिलं आहे, म्हणजे सौम्यच असावी. परवा भिशीत एका मैत्रिणीने सांगितलं की हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठत जातं आणि किडनी खराब करतं. तेव्हापासून झोप उडाली आहे. गेल्या महिन्यातला 'ड'चा रिपोर्ट ६८ आला, त्याखाली 'पुरेसे' असं छापलंय. बाकी सकाळ-संध्याकाळ कॅल्शियमची गोळी, एक मल्टिव्हिटॅमिन, बीपीची गोळी (टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र) आणि गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपासून दिलेली महिन्याची एक पुडी, एवढंच चालू आहे. 'ड'ची गोळी आयुष्यभर घेणं सुरक्षित आहे का? की बंद करू?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, आधी झोपेचं बघू. तुमच्या पत्रात किडनीला इजा झाल्याचं एकही लक्षण मला दिसत नाही. मळमळ नाही, बद्धकोष्ठ नाही, सारखी तहान नाही. तेव्हा आज रात्री निवांत झोपा. आणि औषधांची सगळी नावं लिहून पाठवलीत त्याबद्दल मनापासून आभार. तसं कुणी लिहीत नाही, आणि नेमकी त्याच यादीत तुमच्या प्रश्नाची खरी गोष्ट दडलेली आहे.

मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. 'ब' आणि 'क' जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्तीची बहुतेक लघवीवाटे जातात. 'ड' चरबीत विरघळतं आणि शरीरातल्या चरबीत साठून राहतं. आपण ज्याची तपासणी करतो ते रक्तातलं 'ड' निम्म्यावर यायलाच दोन ते तीन आठवडे लागतात, आणि चरबीतला साठा त्यानंतरही कित्येक महिने हळूहळू झिरपत राहतो. पण साठतं म्हणजे विष होतं असं नाही. किती साठतं यावर सगळं आहे.

म्हणून आता कागद-पेन घ्या. तुम्ही बँकेत होतात, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं जमेल.

जर्मन बाटलीपासून सुरुवात करू. तिथे मात्रा मायक्रोग्रॅममध्ये लिहितात, आपल्याकडे युनिटमध्ये. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. तेव्हा तुमची ५० ची 'सौम्य' गोळी २००० युनिटची आहे. कॅल्शियमच्या गोळीत बहुधा 'ड' असतंच. तुमच्या पट्टीवर किती आहे ते पत्रात नाही, पण बाजारात २५० पासून १००० युनिटपर्यंतच्या गोळ्या मिळतात, म्हणून मधलं ५०० धरते. दोन गोळ्यांचे झाले १०००. मल्टिव्हिटॅमिनचे साधारण ४००. आणि पुडी? ती ६०,००० युनिटची असते. तिला महिन्याच्या तीस दिवसांनी भागलं की रोजचे २००० येतात. सगळं मिळून ५४००.

सत्तरीच्या आतल्या प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट मानली जाते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० च्या अखेरीस हा आकडा दिला, आणि आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२० मध्ये प्रौढांसाठी ६०० च धरले. सत्तरीनंतर अमेरिकी आकडा ८०० होतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घ्यायची वरची मर्यादा दोघांच्याही मते ४०००. तुम्ही 'एवढंच' म्हणत ती ओलांडलीत, आणि यात चूक तुमची नाही. प्रत्येकाने आपापली चिठ्ठी लिहिली, पाचही औषधं एकत्र मांडून कुणी पाहिलीच नाहीत.

आता मूळ प्रश्न. वर्षानुवर्षं रोज घेतलं तर काय होतं? यावर चांगले, मोठे अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेत 'व्हायटल' नावाच्या अभ्यासात २५,८७१ लोक होते, पन्नाशीपुढचे पुरुष आणि पंचावन्नपुढच्या स्त्रिया. निम्म्यांना रोज २००० युनिट, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सरासरी पाच वर्षांहून थोडे अधिक दिवस हे चाललं. २०१८ मध्ये निकाल आला तेव्हा 'ड' घेणाऱ्यांत ना मुतखडे वाढले होते ना रक्तातलं कॅल्शियम. तुमच्या जर्मन गोळीइतकीच ही मात्रा, म्हणून हा निकाल तुमच्या अगदी कामाचा आहे. फक्त त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी : कर्करोग कमी झाला नाही, हृदयविकार कमी झाला नाही, आणि २०२२ मध्ये पुढचे आकडे आले त्यात हाडं मोडण्याचं प्रमाणही कमी झालेलं नव्हतं. ज्यांना मुळात कमतरता नव्हती त्यांना फारसा फायदा दिसला नाही. ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या एकवीस हजारांवर लोकांना पाच वर्षं महिन्याला ६०,००० युनिट दिले, म्हणजे हुबेहूब तुमची पुडी. त्याने आयुष्य वाढलं नाही.

आता वरच्या मात्रांचं सांगते, कारण 'जास्त घेतलं तर हाडं जास्त मजबूत' हा समज मला दवाखान्यात रोज भेटतो. कॅनडातल्या कॅल्गरी शहरात ३११ जणांना तीन वर्षं रोज ४००, ४००० किंवा १०,००० युनिट दिले. हाडांची घनता बारकाईने मोजणाऱ्या यंत्राने तपासलं, तर मनगटाच्या वरच्या हाडाची घनता ४०० वाल्यांपेक्षा ४००० आणि १०,००० वाल्यांची कमी निघाली! रक्तात कॅल्शियम वाढलेले ४०० च्या गटात कुणीच नव्हते, ४००० च्या गटात शंभरात तीन आणि १०,००० च्या गटात शंभरात नऊ. हे २०१९ मध्ये छापून आलं तेव्हा मी तो लेख दोनदा वाचला. मीही तोवर पुड्या हात सैल सोडून लिहीत होते.

आणि एकदम मोठा डोस तर त्याहून वाईट. ऑस्ट्रेलियातच सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले. त्यांचं पडणं १५ टक्क्यांनी आणि हाड मोडणं २६ टक्क्यांनी वाढलं. आपल्याकडे अजूनही सहा लाखांचं इंजेक्शन 'वर्षभराची काळजी मिटली' म्हणून टोचून घेणारे आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

तुम्हाला वाटेल ही बाई घाबरू नका म्हणते आणि घाबरवतेही. याचं कारण माझ्या घरातलं आहे.

माझी आत्या कोरेगावला असायची. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा ती ७४ वर्षांची होती, गुडघे दुखायचे. एका डॉक्टरांनी आठ पुड्या लिहून दिल्या, आठवड्याला एक. चिठ्ठी इंग्रजीत. आत्याला सगळी औषधं रोज घ्यायची सवय, तिने हीदेखील रोज रात्री दुधातून घेतली. आठ दिवसांत संपल्या. गुडघ्यांना बरं वाटलं म्हणून नातवाला रिकामं पाकीट देऊन दुकानातून आणखी मागवल्या, आणि दुकानदाराने दिल्या. असे अडीच महिने. म्हणजे पंचाहत्तर दिवस, रोज ६०,००० युनिट. एकूण ४५ लाख युनिट.

मध्ये एकदा तिचा फोन आला होता. म्हणाली, "अगं, जेवणच जात नाही. तोंडाला चव नाही, आणि पोट साफ होत नाही." मी त्या दिवशी ओपीडीत होते, बाहेर पेशंट बसलेले. मी अ‍ॅसिडिटीची गोळी आणि इसबगोल सांगितलं. "दुसरं काय काय घेतेस?" हा एक प्रश्न विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही. त्यानंतर तिला तहान लागू लागली, रात्री चार-पाचदा लघवीला उठायची, मग सुनेला भलत्याच नावाने हाक मारू लागली. घरच्यांना वाटलं, वय झालं. कऱ्हाडला आणलं तेव्हा जीभ कोरडी पडली होती. कॅल्शियम १३.८, जिथे साधारण साडेदहाच्या आत हवं. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.६, तेही बरंच वाढलेलं. 'ड' १५० च्या वर, यंत्राची मोजायची हद्दच संपली होती.

पुडी बंद, कॅल्शियम बंद, भरपूर सलाइन, स्टिरॉइड, हाडांतून कॅल्शियम सुटू नये म्हणून एक इंजेक्शन. बाराव्या दिवशी घरी सोडलं, आणि तीन आठवड्यांनी कॅल्शियम पुन्हा चढलं. चरबीतला साठा अजून सुटत होता. पुढे ती नीट झाली, सुनेला नावाने हाक मारू लागली, पण क्रिएटिनिन १.४ च्या खाली पुन्हा कधी आलं नाही.

तेव्हापासून मी पुडीच्या चिठ्ठीवर मराठीत वार लिहिते. 'फक्त रविवारी' आणि शेवटच्या रविवारची तारीख. पेशंटला सांगते, घरी गेल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या आठ रविवारांना गोल करा आणि पुडी घेतली की फुली मारा. अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंनाही हे जमतं.

यात नेमकं काय बिघडतं तेही समजून घ्या, म्हणजे तुमच्या बीपीच्या गोळीचा मुद्दा कळेल. यकृत 'ड'चं साठवणीचं रूप करतं, किडनी त्यातून लागेल तेवढंच प्रभावी रूप तयार करते, आणि ते आतड्यातून कॅल्शियम ओढून घेतं. 'ड' बेसुमार झालं की हा लगाम सुटतो. रक्तात कॅल्शियम चढतं आणि पुढची सगळी इजा कॅल्शियम करतं : भूक मरते, आतडी मंदावतात, किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही, डोकं गोंधळतं. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतं. हाडांच्या दृष्टीने ते एरवी चांगलंच, पण 'ड' आणि कॅल्शियम दोन्ही वरून ओतत असताना बाहेर जायची वाटही अरुंद करणं बरं नव्हे. ही बीपीची गोळी मनाने बंद करू नका. ती चांगली आहे.

रिपोर्टखालच्या 'पुरेसे' या शब्दावरही फार विसंबू नका. बऱ्याच प्रयोगशाळा ३० ते १०० ला पुरेसे छापतात. हाडांसाठी २० पुरतं आणि ५० च्या वर कायम राहू नये, असं इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचं म्हणणं, आणि मी त्याच बाजूची आहे. तुमचं ६८ हे विषारी नाही, पण त्याची गरजही नाही.

तेव्हा असं करा. या आठवड्यात रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. 'ड'पेक्षा या दोन तपासण्या महत्त्वाच्या, आणि स्वस्तही. हाडांच्या डॉक्टरांना वरची बेरीज दाखवा आणि पुडी थांबवायची का ते विचारा. मी त्यांच्या जागी असते तर थांबवली असती. जर्मन बाटली कपाटात ठेवा. कॅल्शियमच्या दोन गोळ्या आणि मल्टिव्हिटॅमिन यांतूनच तुम्हाला १४०० युनिट मिळतात, ते भरपूर झाले. तुम्ही दूध, दही, नाचणी नीट खात असाल तर कॅल्शियमची एक गोळीही कमी करता येईल का, तेही विचारा. अमेरिकेत छत्तीस हजार स्त्रियांना सात वर्षं रोज हजार मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट 'ड' दिलं तेव्हा मुतखडे १७ टक्क्यांनी वाढले होते. खड्यांसाठी लोक 'ड'ला दोष देतात. मला तिथे कॅल्शियमच्या गोळ्यांचा वाटा मोठा वाटतो. आणि जी गोळी चालू ठेवाल ती चहानंतर घेऊ नका, जेवणाबरोबर घ्या. तूप-तेलाशिवाय ती नीट अंगी लागत नाही.

ज्यांना पूर्वी खडे झालेत, ज्यांची किडनी कमजोर आहे, ज्यांना क्षय किंवा सारकॉइडोसिस (अंगात गाठी होणारा एक आजार) आहे किंवा कॅल्शियमवर ताबा ठेवणारी पॅराथायरॉइड ग्रंथी वाढलेली आहे, त्यांनी मात्र साधी २००० ची गोळीही विचारल्याशिवाय सुरू करू नये. क्षयाच्या आणि सारकॉइडोसिसच्या गाठी स्वतःच 'ड'चं प्रभावी रूप तयार करतात, किडनीला न विचारता. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं. कॅल्शियम चढलं की ते औषध हृदयाच्या ठोक्यांवर उलटतं.

प्रश्न : वय ३६, आयटीत आहे, घरून काम. २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात एका फॉरवर्डवरून दर रविवारी ६०,००० ची कॅप्सूल सुरू केली, ती अजून चालू आहे. सगळं ठीक वाटतं. पुढे चालू ठेवू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, या रविवारची घेऊ नका. तो कोर्स आठ आठवड्यांचा असतो, तोही कमतरता सापडल्यावर. तुम्ही वर्षानुवर्षं रोजचे साडेआठ हजार युनिट घेत आहात. ठीक वाटणं ही चांगली गोष्ट आहे, पण कॅल्शियम हळूहळू चढतं तेव्हा बराच काळ काहीच वाटत नाही. कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि एकदा 'ड' तपासा. ते खाली येईपर्यंत काहीही घेऊ नका. नंतर हवंच तर रोज ६०० ते १००० युनिटची छोटी गोळी.

त्यापेक्षा सांगते, दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान गच्चीवर जा. पुण्यात वर्षातला बराच काळ पुरेसं ऊन असतं. हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं, रंग सावळा असेल तर थोडं अधिक. खिडकीच्या काचेआडून उपयोग नाही, लागणारे किरण काच अडवते. आणि उन्हातून 'ड' कधी जास्त होत नाही, कारण त्वचा गरजेपुरतं झालं की जास्तीचं स्वतःच निकामी रूपांत बदलून टाकते. ती सोय कॅप्सूलमध्ये नाही.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. 'ड'च्या कॅप्सूल शाकाहारी असतात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मऊ, पारदर्शक कॅप्सूल बहुधा जिलेटिनची असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. आतलं 'ड ३' बहुतेक वेळा मेंढीच्या कातरलेल्या लोकरीतल्या मेणापासून काढलेलं असतं. लायकेन म्हणजे दगडफुलाच्या जातीपासून केलेलं 'ड ३'ही मिळतं, महाग असतं, पण ते तुम्हाला चालावं. पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

प्रश्न : दर तीन महिन्यांनी 'ड'ची तपासणी करावी का? पॅकेजमध्ये असतेच.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नको. निरोगी माणसाला ती एरवीही लागत नाही. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये हेच सांगितलं. हाडं मोडत असतील, खूप अंगदुखी असेल, फिटची औषधं चालू असतील, तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं. डॉक्टरांनी 'ड'चे ४०० युनिटचे थेंब रोज सांगितले. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असं काही नव्हतं, बाळाला एवढं औषध कशाला? वर्षभर देणं सुरक्षित आहे ना?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हो, द्या. पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट ही भारतातल्या बालरोगतज्ज्ञांचीही शिफारस आहे. आईच्या दुधात बाकी सगळं असतं, 'ड' फार थोडं असतं. सासूबाईंना सांगा, त्यांच्या वेळी बाळाला तेल लावून अंगणात उन्हात निजवत. अंगण नसलेल्या घरात ते ऊन कुठून आणणार?

फक्त बाटली नीट बघा. एका कंपनीच्या एक मिलिलीटरमध्ये ४०० युनिट असतात, दुसरीच्या ८००, आणि काहींच्या एका थेंबातच ४००. संपली म्हणून दुकानात दुसरी मिळाली तर जुन्याच मापाने देऊ नका. तिच्यासोबत आलेलाच ड्रॉपर वापरा, जुना फेकून द्या. शंका आली तर नव्या बाटलीच्या लेबलाचा फोटो बालरोगतज्ज्ञांना पाठवा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबा. एक-दोन दिवस चुकले तर बाळाचं काहीही बिघडत नाही.